चपटे कृमी: रक्ताशिवाय आणि फुप्फुसाशिवाय चालणारं शरीर

चपट्या कृमीला रक्त नसतं. हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, कल्ले नाहीत, फुप्फुस नाही. बहुतेकांना गुदद्वारही नाही, त्यामुळे तोंडातून आत गेलेल्या अन्नाचा चोथा त्याच तोंडातून बाहेर टाकावा लागतो. एवढ्या अडचणी असूनही या संघाच्या, म्हणजे प्राण्यांच्या या मोठ्या गटाच्या, वीस हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. काही ओढ्यातल्या दगडाखाली राहतात, काही समुद्रातल्या खडकांवर, काही बागेतल्या कुंडीखाली. अर्ध्याहून अधिक जाती मात्र दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात राहतात, आणि त्या दुसऱ्या प्राण्यांत आपणही आलो.

शाळेत या संघाची तीन उदाहरणं पाठ करून घेतात: प्लॅनेरिया, लिव्हर फ्लूक आणि पट्टकृमी. एक ओढ्यात, एक मेंढीच्या यकृतात, एक माणसाच्या आतड्यात. यांचा एकमेकांशी संबंध काय, हे बहुधा राहूनच जातं. दोन गोष्टी धरल्या की तो लागतो. पहिली, शरीर चपटं का आहे. दुसरी, त्या शरीरात आयुष्यभर विभागत राहणाऱ्या मूलपेशी.

चपटेपणाचं गणित

रक्त नसेल तर प्राणवायूला प्रत्येक पेशीपर्यंत नुसतं झिरपत जावं लागतं. झिरपण्याचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. ०.१ मिलिमीटर अंतर कापायला प्राणवायूच्या रेणूला साधारण पाच सेकंद लागतात. अंतर दसपट म्हणजे १ मिलिमीटर केलं, तर वेळ शंभरपट होऊन आठेक मिनिटं लागतात. १ सेंटिमीटरला तेरा-चौदा तास. तोवर आतली पेशी मेलेली असेल. म्हणून हा प्राणी लांब होऊ शकतो, रुंद होऊ शकतो, पण जाड होऊ शकत नाही. गोमांसातून येणारा पट्टकृमी चार ते दहा मीटर लांब वाढतो, तरी त्याची जाडी एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही.

अन्नाचंही तेच. पचलेलं अन्न वाहून न्यायला रक्त नाही, तेव्हा आतडंच सगळीकडे पोचलं पाहिजे. प्लॅनेरियाच्या आतड्याला तीन मुख्य फांद्या असतात, एक डोक्याकडे जाणारी आणि दोन शेपटीकडे जाणाऱ्या. त्या प्रत्येकीला असंख्य उपफांद्या फुटतात. त्वचा आणि आतडं यांच्यामधली जागा पेशींनी गच्च भरलेली असते, पोकळी नसतेच. पुस्तकात ‘देहगुहाहीन’ म्हणतात ते हेच. शरीरात शिरणारं जादा पाणी बाहेर टाकायला ज्योतपेशी असतात. सूक्ष्म नळ्यांच्या टोकाशी बसलेल्या या पेशींतला केसांचा झुबका सतत फडफडतो आणि पाणी पुढे ढकलतो.

इथेच एक गल्लत दूर केलेली बरी. आपण सरसकट ‘पोटात जंत झाले’ म्हणतो, पण जंत आणि अंकुशकृमी हे गोल कृमी. त्यांना आरपार आतडं असतं, देहगुहाही असते आणि त्यांचा संघच वेगळा. गांडूळ तिसऱ्याच संघातलं. त्याला रक्त आहे, खंड आहेत. हा फरक परीक्षेपुरता नाही. औषध निवडताना तो आडवा येतो, त्याबद्दल पुढे.

प्लॅनेरिया: कापला तरी न संपणारा

गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया सेंटिमीटरभर लांबीचा, करडा किंवा तपकिरी. डोकं त्रिकोणी, त्यावर दोन तिरळे वाटणारे डोळे. पोटाखालच्या बारीक केसांनी स्वतःच्याच बुळबुळीत स्रावावरून तो अलगद सरकतो. तोंड डोक्यावर नसतं, पोटाच्या मध्यावर असतं. खायचं झालं की तिथून पांढरी नळी बाहेर येते, भक्ष्यावर पाचकरस सोडते आणि सैल झालेला लगदा ओढून घेते.

त्याच्या शरीरातल्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढ्या पेशी निओब्लास्ट नावाच्या मूलपेशी असतात. शरीरात विभागू शकणाऱ्या पेशी एवढ्याच. त्वचा, स्नायू, चेतापेशी, डोळा, सगळं यांच्यापासूनच बनतं. क्ष-किरणांनी त्या मारल्या तर प्राणी लगेच मरत नाही, पण झीज भरून निघत नाही आणि काही आठवड्यांत संपतो. अशा किरण दिलेल्या प्राण्यात निरोगी प्राण्यातला एकच निओब्लास्ट सोडला, तरी तो वाढून सगळं शरीर पुन्हा भरून काढू शकतो, हे २०११ साली दाखवलं गेलं.

टॉमस हंट मॉर्गन पुढे फळमाश्यांवरच्या अनुवंशशास्त्रासाठी प्रसिद्ध झाले, पण त्याआधी १८९८च्या सुमारास ते प्लॅनेरिया कापत होते. मूळ प्राण्याच्या २७९व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी तयार होऊ शकतो, हा त्यांच्या नावावर सांगितला जाणारा आकडा. त्यांना अपवादही दिसले होते: डोळ्यांच्या पुढचं टोक एकटं कापलं तर ते वाढत नाही, आणि पोटातली नळी सुटी काढली तर तीही नाही. कारण पुढे कळलं. या दोन्ही ठिकाणी निओब्लास्ट नसतात.

मधला तुकडा घेतला तर पुढच्या कडेला डोकं येतं आणि मागच्या कडेला शेपूट. तुकड्याला दिशा कळते कशी? शरीरभरच्या स्नायूंमधून रासायनिक संकेत सुटतात आणि शेपटीकडे बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचं काम जोरात चालतं. २००८ साली हे प्रथिन बंद पाडून पाहिलं, तर शेपटीच्या जागीही डोकं उगवलं. म्हणजे डोकं ही ‘संकेत कमी’ असतानाची अवस्था, आणि शेपूट मुद्दाम सांगून घडवावी लागते. फार अरुंद आडवी चकती कापली तर हा चढउतार पुरेसा उरत नाही आणि कधीकधी दोन्ही बाजूंना डोकी येतात. मॉर्गन यांनी तेही पाहिलं होतं, फक्त तेव्हा स्पष्टीकरण नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा घरी करून पाहायचं तर

स्वच्छ, सावकाश वाहणाऱ्या ओढ्यात संध्याकाळी कच्च्या कलेजीचा लिंबाएवढा तुकडा दोऱ्याला बांधून दगडांच्या फटीत सोडा आणि तास-दोन तासांनी उचला. प्लॅनेरिया उजेड टाळतात, त्यामुळे दुपारी हात हलवत परत यावं लागण्याचीच शक्यता जास्त. कलेजीला चिकटलेले प्राणी ओढ्याच्याच पाण्यात, मऊ ब्रशने सोडवा. चिमट्याने धरू नका, शरीर फाटतं.

पाणी ही खरी परीक्षा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. पसरट भांड्यात पाणी २४ तास उघडं ठेवलं तर बरंचसं क्लोरीन उडून जातं. आरओचं पाणी दिसायला शुद्ध, पण त्यात क्षार जवळपास नसल्याने पेशींत पाणी शिरत राहतं आणि प्राणी फुगून सुस्त होतात. बाजारातलं बाटलीबंद पाणीही बऱ्याचदा आरओचंच असतं. विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी कापडातून गाळून घेणं सर्वांत सोपं. तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको. तांब्याचा अत्यल्प अंशही त्यांना विषारी ठरतो. काच किंवा प्लॅस्टिक वापरा, आणि साबणाने धुतलं असेल तर दहा वेळा खळबळून घ्या. तापमान १८ ते २२ अंश, जागा अंधारी. २५ अंशांच्या पुढे पाण्यातला प्राणवायू कमी होतो, जिवाणू वाढतात आणि रोज सकाळी एखादा मेलेला सापडू लागतो. कोकणात किंवा विदर्भात हा प्रयोग एप्रिलमध्ये सुरू करणं म्हणजे अपयशाची हमी. डिसेंबर-जानेवारी बरा.

खाणं आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे: वाटलेली कोंबडीची कलेजी थेंबभर, किंवा उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा कण. तासा-दोन तासांनी उरलेलं सगळं ड्रॉपरने काढून पाणी बदला. हे राहिलं तर रात्रीत पाणी गढूळ होतं आणि दुसऱ्या दिवशी निम्मी वसाहत गेलेली असते. उपाशी ठेवलेला प्लॅनेरिया मात्र लवकर मरत नाही. तो आकाराने लहान होत जातो, तोही सगळी प्रमाणं सांभाळून. एका जातीत २० मिलिमीटरचा प्राणी महिनोन्महिने उपाशी राहून १ मिलिमीटरवर आलेला पाहिला गेला आहे, आणि खायला मिळालं की तो पुन्हा वाढतो.

कापण्याआधी आठवडाभर खायला देऊ नका. भरल्या आतड्यातला पाचकरस आणि जिवाणू जखमेत उतरतात आणि तुकडा सडतो. बर्फाच्या पिशवीवर काच, काचेवर ओला टिश्यू पेपर आणि त्यावर प्राणी ठेवा. थंडीने त्याची हालचाल मंदावते. नवं ब्लेड सरळ वरून दाबा, करवतीसारखं ओढू नका. पहिला छेद डोळ्यांच्या मागे, दुसरा पोटातल्या नळीच्या मागे. तिन्ही तुकडे वेगवेगळ्या डिशमध्ये ठेवा, नाहीतर कोणतं डोकं कुठून आलं याचा हिशेब लागत नाही.

स्नायू आकसून जखम तासाभरात मिटते. दोन-तीन दिवसांत कडेला पांढुरकी, रंग नसलेली टोपी दिसते. ती नवी ऊती. २० अंशांच्या आसपास चौथ्या-पाचव्या दिवशी त्या पांढऱ्यात दोन काळे ठिपके उमटतात, ते डोळे. भिंगातून पाहिलं तर आधी ठिपके अगदी बारीक आणि जवळजवळ असतात, मग हळूहळू अलग होत जातात. आठवडा ते दोन आठवड्यांत प्राणी पूर्ण होतो. तोवर डोक्याच्या तुकड्याला पोटातली नळी नसते, म्हणून त्याला खाताच येत नाही. अन्न टाकून फक्त पाणी नासतं.

दोन डोक्यांचा प्लॅनेरिया करायचा असेल तर डोकं उभं चिरावं लागतं. बहुतेकांची इथे फसगत होते, कारण एकदा चिरून सोडलं की दोन्ही कडा पुन्हा चिकटतात आणि आठवड्याने एकडोक्याचा प्राणी तुमच्याकडे पाहत असतो. पहिले एक-दोन दिवस तीच चीर पुन्हा पुन्हा उघडावी लागते. आणि एखाद्या तुकड्याचं डोकं मागे सरकल्यासारखं, कडा झिजल्यासारख्या दिसू लागल्या तर तो विरघळायला लागलाय हे ओळखा आणि त्याची डिश लगेच वेगळी करा.

पट्टकृमी: मान शाबूत तर सगळं शाबूत

परजीवी कृमींनी काय सोडलं आणि काय राखलं ते पाहण्यासारखं आहे. पट्टकृमीने आतडंच सोडून दिलं. तो यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात राहतो त्या प्राण्याच्या, आतड्यात पचलेल्या अन्नात बसलेला असतो, स्वतः पचवायची गरज नाही. संपूर्ण त्वचेवर अतिसूक्ष्म केसासारखे उंचवटे असतात आणि त्यांतून तो अन्न शोषतो. चपटेपणा इथेही कामी येतो: घनफळाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर. डोळे गेले. डोक्याच्या जागी टाचणीच्या माथ्याएवढा भाग उरला, त्यावर चार चूषक, म्हणजे चिकटून राहायच्या वाट्या. डुकराच्या मांसातून येणाऱ्या टीनिया सोलियमला शिवाय आकड्यांच्या दोन ओळी, गोमांसातून येणाऱ्या टीनिया सॅजिनाटाला आकडे नाहीत.

मूलपेशी मात्र राखल्या. डोक्यामागची मान हा त्यांचा साठा. नवे खंड तिथेच बनतात आणि जुने मागे सरकत जातात. सॅजिनाटाला हजार ते दोन हजार खंड असू शकतात आणि प्रत्येकात नर-मादी दोन्हींचे अवयव. शेवटचे खंड म्हणजे अंड्यांच्या पिशव्याच: सोलियमच्या एका खंडात पन्नास हजारांच्या आसपास अंडी. औषधाने कृमी तुटून मीटरभर पट्टी बाहेर पडली म्हणून काम झालं असं नाही. डोकं आणि मान आत राहिली तर दोन-तीन महिन्यांत खंड पुन्हा पडू लागतात. म्हणून डॉक्टर तीन महिन्यांनी शौचतपासणी सांगतात.

पट्टकृमी झालेला माणूस खूप खातो आणि वाळत जातो हा समज बराचसा चुकीचा. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. शौचात पांढरा, चपटा, कधी स्वतः हलणारा तुकडा दिसतो तेव्हाच कळतं. असा तुकडा दिसला तर टाकू नका. हातमोजे घालून पाण्यासह झाकणाच्या बाटलीत घ्या आणि प्रयोगशाळेत द्या. काचपट्टीवर दाबून खंडातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजतात. एका बाजूला तेरापर्यंत असतील तर बहुधा सोलियम, पंधराच्या वर असतील तर सॅजिनाटा. जात कळणं महत्त्वाचं आहे, कारण मेंदूला धोका सोलियमचा.

आता कोबी. ‘कोबीतून किडा मेंदूत जातो’ हे वाक्य घरोघर ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण ते चुकीच्या जागी ठेवलेलं. सोलियमचं चक्र असं: माणसाच्या आतड्यात प्रौढ कृमी, शौचातून अंडी बाहेर, ती डुकराने खाल्ली की त्याच्या स्नायूंत सेंटिमीटरभराच्या पाणीदार गाठी, आणि ते मांस कच्चट खाल्लं की माणसाच्या आतड्यात पुन्हा प्रौढ कृमी. गाठ खाल्ली तर पट्टकृमी होतो. अंडी खाल्ली तर माणूस डुकराच्या जागी येतो. अंड्यातून सहा आकड्यांचा भ्रूण सुटतो, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत जाऊन गाठ करतो. मेंदूतल्या गाठीमुळे फिट येतात. ज्या भागांत हा कृमी आहे तिथे मोठेपणी सुरू होणाऱ्या अपस्माराचं हे एक मोठं कारण आहे.

त्यामुळे जन्मात मांस न खाल्लेल्या माणसाच्या मेंदूतही ही गाठ सापडू शकते. आणि कोबीत वळवळणारी हिरवी अळी पाहून लोक घाबरतात, ती पतंगाची. तिचा मेंदूशी काही संबंध नाही. पट्टकृमीचं अंडं मिलिमीटरच्या तीसाव्या हिश्श्याएवढं, डोळ्यांना दिसतच नाही. ते कोबीत तयार होत नाही. माणसाच्या विष्ठेचं सांडपाणी शेतात गेलं, किंवा घरातल्याच पट्टकृमी असलेल्या माणसाने हात न धुता स्वयंपाक केला, की ते येतं. हा दुसरा मार्ग लोक विसरतात, आणि तो कोबीपेक्षा जास्त धोक्याचा आहे. घरात एकाला मेंदूत गाठ निघाली तर बाकीच्यांची, स्वयंपाकाला येणाऱ्यांचीही शौचतपासणी करावी ती याचसाठी.

मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवल्याने अळ्या बाहेर येतात, अंडी मरत नाहीत. बाहेरची पानं काढून टाका, उरलेली पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि शिजवा. शिजवणं हा खात्रीचा उपाय. डुकराच्या मांसाचे अखंड तुकडे आत ६३ अंशांपर्यंत तापवून तीन मिनिटं तसेच ठेवावेत, खिमा ७१ अंशांपर्यंत.

गोगलगाईतून जाणारा रस्ता

फ्लूक म्हणजे पर्णकृमी. भारतातल्या गाई-म्हशींत आणि शेळ्या-मेंढ्यांत मुख्यतः फॅसिओला जायगँटिका ही जात, लांबी सात सेंटिमीटरपर्यंत. शेणातून पडलेलं अंडं पाण्यात दोनेक आठवड्यांत उबतं. त्यातून निघालेल्या पोहणाऱ्या अळीकडे जेमतेम एक दिवस असतो, तेवढ्यात पाणगोगलगाय सापडली नाही तर खेळ संपला. सापडली, तर अळी आत शिरते आणि मूलपेशींचं काम सुरू होतं: एका अळीतून थैली, थैलीतून दुसऱ्या पिढीच्या अळ्या, त्यांतून शेपटीवाल्या अळ्या. आत गेली एक, बाहेर येतात शेकडो, तेही नर-मादीच्या मिलनाशिवाय. या अळ्या गवताच्या पाण्यालगतच्या भागाला चिकटून कवच करतात. गुरांनी ते खाल्लं की कवच आतड्यात फुटतं, पिल्लू कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीतून यकृतात शिरतो, काही आठवडे यकृत कुरतडत फिरतो आणि मग पित्तनलिकेत स्थिरावतो. अंडी द्यायला लागेपर्यंत तीन महिने, कधी चार.

औषधं वाया जातात ती हे वेळापत्रक ठाऊक नसल्याने. पावसाळ्यात लागण झालेल्या जनावराचं शेण दुसऱ्याच महिन्यात तपासलं तर अंडी दिसणारच नाहीत, आणि ‘निगेटिव्ह’ म्हणून सोडून दिलं जातं. शिवाय जड मिठाच्या द्रावणात अंडी तरंगवून पाहण्याची नेहमीची पद्धत गोल कृमींसाठी. फ्लूकची अंडी जड, ती तळाशी बसवूनच पाहावी लागतात. ऑक्सिक्लोझानाइड प्रौढ कृमींवर चालतं, यकृतात फिरणाऱ्या पिल्लांवर नाही. पिल्लांवर चालणारं औषध ट्रायक्लाबेंडाझोल. पाळी आणि मात्रा पशुवैद्याकडूनच घ्यावी, आणि दुधाळ जनावर असेल तर दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारावं. शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरलं की फ्लूक, असंही धरून चालू नये. रक्त पिणारा एक गोल कृमीही हुबेहूब तीच सूज आणतो. दोन्हींत रक्तातलं प्रथिन घटतं आणि पाणी खाली उतरतं.

पाऊस सरल्यावर तळ्याचं पाणी आटू लागलं की गुरं काठाच्या हिरव्या गवताकडे जातात. गोगलगाई आणि चिकटलेल्या अळ्या नेमक्या तिथेच असतात. त्या पट्ट्यात चरू न देणं आणि काठावरचं गवत कापून कडक उन्हात वाळवूनच घालणं, एवढ्याने बरंच टळतं.

शिस्टोसोमा हा पर्णकृमींतलाच वेगळा प्रकार. तो रक्तवाहिन्यांत राहतो, आणि चपट्या कृमींत दुर्मीळ अशी गोष्ट म्हणजे त्यात नर आणि मादी वेगळे असतात. नराच्या अंगाला लांबलचक खोबण असते आणि बारीक मादी वर्षानुवर्षं तिच्यात राहते. थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ साली कैरोत तो शोधला. आजार कृमीपेक्षा अंड्यांमुळे होतो: ती मूत्राशयाच्या किंवा आतड्याच्या भिंतीत अडकतात आणि तिथे सूज, रक्तस्राव होतो. जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास लोकांना यावर उपचाराची गरज असते, बहुतेक आफ्रिकेत. भारतात हा रोग जवळपास नाही, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले आणि गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली ते नोंदवलं. तिथे अळ्या वाढवणारी गोगलगाय म्हणून फेरिसिया या अगदी चिमुकल्या पाणगोगलगाईकडे बोट दाखवलं गेलं. आफ्रिकेत हे काम बुलिनस गोगलगाई करतात. लागण होते की नाही, हे बऱ्याच अंशी योग्य गोगलगाय पाण्यात आहे की नाही यावर ठरतं.

गुरांचे शिस्टोसोमा मात्र आपल्याकडे आहेत. त्यातला एक नाकातल्या शिरांत राहतो. नाकात फुलकोबीसारखी वाढ होऊन गाय घोरल्यासारखा श्वास घेते, म्हशीत लक्षणं सौम्य. जनावरांच्या या अळ्या भातखाचरात उभ्या माणसाच्या कातडीतही शिरतात, पुढे जाऊ शकत नाहीत आणि तिथेच मरतात. उरते पायांची खाज आणि पुरळ.

औषध आणि सुपारी

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत मिळणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी गोल कृमींसाठी आहे. ती घेतली म्हणजे पट्टकृमीचाही बंदोबस्त झाला असं समजू नये. चपट्या कृमींचं मुख्य औषध प्राझिक्वांटेल. ते कृमीच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा सोडतं, स्नायू आखडून बसतात आणि त्वचा फाटते, मग यजमानाची प्रतिकारशक्ती उरलेलं काम करते. फॅसिओलावर मात्र ते नीट चालत नाही. आणि मेंदूत न कळलेल्या गाठी असतील तर गाठी मरताना सूज येऊन फिट येऊ शकते. म्हणून पूर्वी कधी फिट आलेली असेल तर हे औषध मनाने घ्यायचं नाही.

सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्यही चपट्या कृमींच्या चेतासंस्थेवर काम करतं. कुत्र्यांमधला एकिनोकॉकस हा पट्टकृमी अवघा काही मिलिमीटरचा, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. कुत्र्यांत तो आहे का हे पाहायला न्यूझीलंडसारख्या मेंढपाळ देशांत अनेक वर्षं अरेकोलिन पाजून जुलाब करवत आणि बाहेर पडलेले कृमी मोजत. मत्स्यटाकीतल्या प्लॅनेरियावरच्या काही पावडरींतही सुपारीचा अर्क असतो. पण अशा औषधांनी टाकीतल्या शोभेच्या गोगलगाईही मरू शकतात, त्या आधी बाहेर काढा.

गांडूळखताच्या वाफ्यातला पाहुणा

पावसाळ्यात कुंडीखाली किंवा गांडूळखताच्या वाफ्यात लांब, चिकट, पाठीवर गडद रेघा असलेला आणि अर्धचंद्राकृती डोक्याचा कृमी दिसला तर तो बायपॅलियम, जमिनीवरचा प्लॅनेरिया. यातली सर्वांत पसरलेली जात १८७८ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरात सापडली म्हणून तिला केवेन्सी नाव पडलं. मूळ घर आग्नेय आशिया, प्रवास कुंड्यांच्या मातीतून. ती गांडुळं खाते: अंगावर चढून गुंडाळते, पोटातली नळी बाहेर काढून गांडूळ विरघळवते. बायपॅलियमच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे फुगा माशातलं विषही सापडलं आहे.

रानात दिसला तर सोडून द्या, आपल्याकडच्याही जाती आहेत. वाफ्यात दिसला तर फावड्याने तोडू नका, एकाचे दोन होतील. हातमोजे किंवा काडीने उचला आणि मीठ किंवा व्हिनेगर टाकलेल्या पिशवीत बंद करा. मीठ वाफ्यात टाकू नका, गांडुळंही मरतील. नवी रोपं आणली की कुंडी उलटी करून तळाचं भोक आणि मातीचा गोळा पाहा. अंड्यांचे कोश काळपट, चकचकीत आणि मिरीच्या दाण्याएवढे असतात, तेही मिठातच टाका.